एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा व तिच्यामागील हात

पृथ्वीप्रदक्षिणेच्या वृत्तांतांत 'एकट्यानें' हा शब्द फार सैलपणें वापरला जातो. सायकलस्वार एकटा, शिडाच्या नौकेंतील खलाशीहि एकटा. परंतु दोघांचें एकटेपण एका जातीचें नव्हे. हा भेद स्पष्ट करून, अशा सफरीचें श्रेय इतिहासानें कोणाकोणाच्या पदरीं घालावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्हांस करावयाचा आहे. त्यास लागणारीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. मुंबई, पुणें व गोवा येथेंच तीं सांपडतात.

प्रथम सायकल घेऊं. ता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण जगाच्या सफरीस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर प्रवास पुरा करून ता. १८ मार्च १९२८ रोजीं परतले. १९२४ मध्यें फ्रामरोझ दावर हे मात्र मुंबईहून एकटेच निघाले; पण व्हिएन्ना येथें त्यांस गुस्ताव नांवाचा ऑस्ट्रियन सोबती मिळाला व १९३१ पर्यंतचा पुढील प्रवास दोघांनीं बरोबर केला. आपल्या काळांत, २०१८ सालीं, मूळच्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनीं चौदा देशांतून सुमारें २९,००० किलोमीटर सायकल १५९ दिवसांत चालविली. या सर्वांचें धैर्य निर्विवाद आहे. तथापि भूमीवरील प्रवाशास वाटेंत गांव लागतें, पाणी मिळतें, मोडलेलें चाक दुरुस्त करणारा भेटतो. आणि समुद्र आडवा आला म्हणजे सायकल आगबोटीच्या किंवा विमानाच्या स्वाधीन करावी लागते.

समुद्रावर यांतील कांहींच नाहीं. जोशुआ स्लोकम यानें १८९५ ते १८९८ या काळांत 'स्प्रे' नौकेंतून एकट्यानें पृथ्वीस प्रथम वळसा घातला, तो बंदरें घेत घेत. कोठेंहि न थांबतां एकट्यानें प्रदक्षिणा करण्याचा पहिला मान रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचा. ता. १४ जून १९६८ रोजीं ते इंग्लंडांतील फाल्मथ येथून निघाले व ३१२ दिवसांनीं, ता. २२ एप्रिल १९६९ रोजीं, तेथेंच परतले. त्यांची ३२ फुटी सागवानी नौका 'सुहैली' ही मुंबईस कुलाब्याच्या कारखान्यांत हिंदी सुतारांनीं बांधिली होती. १९६४ मध्यें ती पाण्यांत उतरली व समुद्रमार्गेंच इंग्लंडास गेली. प्रदक्षिणेच्या वाटेवर तिच्या सांध्यांतून पाणी येऊं लागलें, तेव्हां नॉक्स-जॉन्स्टन यांनीं पाण्यांत बुडी मारून ते कापसानें बुजविले. अर्थात् समुद्रावर एकट्या माणसास स्वतःच सुतार व्हावें लागतें, आणि बंदरावरच्या सुतारानें पूर्वीं केलेलें काम त्यास प्रत्येक लाटेगणिक साथ देत असतें.

हेंच सूत्र भारतीय नौदलाच्या सागर परिक्रमेंत अधिक स्पष्ट दिसतें. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनीं ही कल्पना मांडली. गोव्यांत मांडवी नदींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली. आराखडा डच होता. कमांडर दिलीप दोंदे यांनीं नौकेच्या बांधणीपासूनच तींत लक्ष घातलें. ता. १९ ऑगस्ट २००९ रोजीं ते मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन अशीं चार बंदरें घेऊन ता. १९ मे २०१० रोजीं परतले. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. पुढें याच नौकेंतून अभिलाष टॉमी यांनीं ता. १ नोव्हेंबर २०१२ ते ता. ३१ मार्च २०१३ या अवधींत न थांबतां प्रदक्षिणा पुरी केली. खलाशी बदलला, नौका तीच राहिली. तेव्हां तिच्या कर्त्यास बाजूस ठेवून हा इतिहास लिहितां येणार नाहीं.

आमच्या मतें, एकटेपणाचा खरा अर्थ साहाय्याचा अभाव असा नसून, सर्व साहाय्य आधींच घेऊन ठेवणें व संकटसमयीं निर्णय स्वतः करणें असा आहे. हें मान्य केल्यास श्रेयाची वांटणी बदलते. 'म्हादेई'च्या बाबतींत कल्पक, कारागीर व खलाशी या तिघांचींहि नांवें नोंदलीं गेलीं आहेत. 'सुहैली'च्या वृत्तांतांत मात्र नाविकाचें नांव अजरामर झालें आणि कुलाब्याच्या सुतारांचा उल्लेख बहुधा 'हिंदी कारागीर' एवढ्यावरच संपतो. त्या घटनेस साठ वर्षें उलटलीं आहेत. कारखान्याचे हिशेब, मजुरीपत्रकें आणि त्या कुटुंबांतील वृद्धांच्या आठवणी हींच येथें साधनें होत. यांतील शेवटचें साधन वाट पाहात थांबणारें नव्हे, म्हणून तें प्रथम हातीं घ्यावें.

हें काम केवळ किनाऱ्यावरच्या अभ्यासकांचें आहे, असेंहि नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) हें गांव समुद्रापासून दूर, नागपूर-वर्धा लोहमार्गावर आहे. तेथील तान्हा पोळा लाकडी नंदींकरितां प्रसिद्ध आहे. नंदी कोणाच्या घरचा हें विचारतांना तो घडविला कोणीं, हेंहि विचारून लिहून ठेवावें. घरच्या लाकडी बैलापाशीं ही संवय लागली, तर जगास वळसा घालून आलेल्या नौकेपाशीं ती सुटणार नाहीं.