तीनशे पंधराचं आजोळ

वेळणेश्वरला मामाच्या माजघरात, फडताळात, एक रिकामं पितळी काडतूस असायचं. आजोबांच्या परवान्याच्या बंदुकीचं. बंदूक केव्हाच जमा झाली, पण आजी दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर ते चिंचेनं घासायची. मान बाटलीसारखी आवळलेली, बुडाला बाहेर आलेली कड. "तीनशे पंधराचं आहे," एवढंच मामाला ठाऊक.

गेल्या मे महिन्यात मी त्यावर मोजपट्टी धरली. लांबी बरोबर 50 मिलिमीटर. इंचांत नाव असलेल्या वस्तूला मिलिमीटरचं असं गोल माप कुठून आलं? मग 0.315 ला 25.4 नं गुणलं. उत्तर 8.

आठाची नळी, पन्नासाचं कवच, बुडाला कड: हे तर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं 1890 चं मानलिखर काडतूस! पहिल्या महायुद्धात त्यांचे शिपाई हेच भरत होते. आठ मिलिमीटरचे इंच केले आणि आपल्याकडे त्याचं नाव पडलं तीनशे पंधरा. (काडतूस हा शब्दही बाहेरचाच, पोर्तुगीज कार्तुशूचा, मुळात कागदाची सुरळी.)

पण इंग्रजांच्या राज्यात शत्रूचं काडतूस कशाला? काही शिकारी सांगतात, गोळी जड म्हणून. मला ते पटत नाही. गोळी जड होती खरी, 244 ग्रेनची, तर इंग्रज फौजेच्या थ्री-नॉट-थ्रीची 215 ची. पण त्याच थ्री-नॉट-थ्रीनं आफ्रिकेत लोक मोठमोठी जनावरं मारत होते. खरं कारण कायद्यात आहे. सरकारी फौजेचं काडतूस हिंदुस्थानात खाजगी माणसाच्या हाती पडू द्यायचं नव्हतं, म्हणून त्या मापाच्या बंदुकीला बंदी आली. शिकाऱ्याला मग दुसरं माप शोधणं भाग पडलं.

तेही मानलिखरच का? इथे माझं मत ठाम आहे: त्या कडेमुळे. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची ली बंदूक कडेच्या काडतुसासाठीच घडवलेली होती. जर्मन माउझरच्या काडतुसांना बाहेर आलेली कड नाही. ती घ्यायची तर खटक्यापासून पेटीपर्यंत सगळं बदलावं लागलं असतं. मानलिखरला कड होती, शिवाय कवच थ्री-नॉट-थ्रीहून 6 मिलिमीटर आखूड. नळी बदलली, थोडी डागडुजी केली की काम झालं. उलटा दाखला शिकारी जिम कॉर्बेटचा. त्याच्या रिग्बी बनावटीच्या रायफलचं टू-सेव्हन्टी-फाइव्ह म्हणजे इंचांत लिहिलेलं 7 मिलिमीटरचं माउझर काडतूस. ते कडेविना चाललं, कारण बंदुकीचा सांगाडाच माउझरचा होता.

स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं याच मापाची बंदूक काढली. थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला बंदच राहिली, परदेशी बंदुका दुर्मिळ आणि महाग झाल्या, आणि परवानेवाल्याची रायफल म्हणजे तीनशे पंधरा असंच समीकरण झालं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, तरी ती बंदूक राखणीला घरोघर राहिली. तिकडे ऑस्ट्रियाच्या फौजेनं 1930 मध्ये 56 मिलिमीटरचं नवं काडतूस घेतलं होतं. जुनं इथेच रुजलं.

मी मामाला कवचाचं बूड दाखवलं. पितळ झिजलंय, तरी के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं अजून वाचता येतात. किर्की फॅक्टरी; 1869 पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना.

"खडकी? म्हणजे पुण्याचंच की!" मामा म्हणाला, आणि काडतूस उजेडात धरून बराच वेळ बघत बसला.