चिंधीचे मोल

आपल्या मंडळाच्या प्रदर्शनात ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे टेबल दरवर्षी असते आणि त्याच्याभोवती गर्दीही बरीच होते. जुन्या साडीची पिशवी, बाटलीवरची वेलबुट्टी, फुटक्या बांगड्यांचे तोरण, अशा वस्तूंचे कौतुक करून आपण घरी जातो. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक-भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा मनात आले की, टाकाऊ वस्तूंवर हौस भागवणाऱ्या आपण पुष्कळजणी आहोत. परंतु त्याच वस्तूंवर ज्यांनी गिरण्या उभारल्या, आणि ज्यांनी जेमतेम दोन वेळची भाकरी मिळवली, त्यांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो सगळा सांगायचा तर ग्रंथच लागेल. मी आपली चिंधीचे बोट धरून निघते.

बोहारीण आपल्या सर्वांच्या परिचयाची. अलीकडे ती क्वचित दिसते, पण माझ्या लहानपणी दुपारची जेवणे आटोपली की तिची हाळी ठरलेली. बहुधा गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या या बायका. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडे. आईने पुढे केलेले लुगडे ती उन्हाकडे धरून पाही, काठ चाचपी, विरलेली जागा नेमकी हुडकून काढी, आणि मग एका पातेल्यावरून जी घासाघीस सुरू होई ती चहाच्या वेळेपर्यंत. ती गेल्यावर त्या गाठोड्याचे काय होते, हे मात्र आमच्या घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. त्यातले धडके कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात जातात. नेसण्याजोगे नसतील ते फाडून कारखान्यांत यंत्रे पुसायला जातात. खऱ्या जरीचे काठ घेऊन ते जाळून चांदी काढणारे निराळेच. एका गाठोड्याचे असे तीनचार वाटे होतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. सरसकट विकले तर कवडीमोल, निवडून विकले तर पैसा, हेच या धंद्याचे मर्म होय. आणि निवडण्याचे काम, भगिनींनो, जिथे पाहावे तिथे बायकांच्या हाती.

जुना कागदही याच घराण्यातला. लाकडाच्या लगद्याची युक्ती युरोपात १८४४ च्या सुमारास निघाली. तोपर्यंत तिकडचा कागद मुख्यत्वे सुती व तागी चिंध्यांचा होई. आपल्याकडे जुन्नर, दौलताबादजवळचा कागजीपुरा आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा येथे जुनी पोती, दोर, चिंध्या, रद्दी कुजवून आणि कुटून कागद होत असे. पेशवाईच्या दप्तरांतील कित्येक रुमालांत एखाद्या जुन्या पोत्याचा अंश असेल, असे म्हणायला हरकत नाही.

पण चिंधीवर खरे साम्राज्य उभे राहिले ते इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या बॅटली नावाच्या गावी. नेपोलियनशी युद्ध चालले होते, लोकर महागली होती. बेंजामिन लॉ नावाच्या कापडवाल्याने १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून सूत काढले. घोड्याच्या खोगिरात चिंध्यांचा भुसा भरतात, तो पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. या मालाला ‘शॉडी’ म्हणू लागले. विणलेल्या सैल कपड्यांची शॉडी होई. कोट-विजारीच्या घट्ट कापडापासून पुढे निघाला तो ‘मंगो’. त्या नावाचीही एक गोष्ट सांगतात. कामगार म्हणाला, हे काही यंत्रातून जायचे नाही. त्यावर मालक आपल्या गावठी बोलीत म्हणाला, गेलेच पाहिजे, आणि त्या ‘गेलेच पाहिजे’चा झाला मंगो! खरे असो वा नसो, मालकाचा स्वभाव त्यात उतरला आहे खरा.

चिंध्या फाडणाऱ्या यंत्राला दातेरी रूळ असत आणि लोक त्याला ‘सैतान’ म्हणत. त्यातून उडणारी धूळ ती सैतानाची धूळ. १८४२ साली पार्लमेंटातही तिच्यावरून गरमागरम भाषणे झाली, पण ती कापड कच्चे निघते या तक्रारीची. नव्याने कामाला लागलेल्या माणसांना त्या धुळीने ताप येई, खोकला होई. त्याला ‘शॉडीचा ताप’ असे नावच पडले होते. शेजारच्या ड्यूजबरीला रेल्वेने देशोदेशीच्या चिंध्या येत आणि त्यांचे रीतसर लिलाव होत. काही म्हणता काही वाया जात नसे. सुती शिवणीचे दोरे तेजाबाने जाळून लोकर वेगळी करीत, आणि अगदीच निरुपयोगी राहिलेला भुसा खत म्हणून शेतमळ्यांवर जाई.

आता या गिरण्यांत पहिले काम कोणते? गठ्ठा फोडून चिंध्या निवडणे. लाल लालात, निळे निळ्यात, काळे काळ्यात. गुंड्या आणि आकडे कापायचे, अस्तर उसवायचे. रंग नीट निवडले तर सूत पुन्हा रंगवावे लागत नाही, म्हणजे रंगाचा सगळा खर्च वाचतो. ही बचत करून देणाऱ्या बहुतेक बायका होत्या. तांदूळ निवडणाऱ्या डोळ्याला हे काम सोपे वाटेल. पण परक्या माणसांच्या अंगावरून उतरलेले, कधी रोगट घरांतून आलेले कपडे दिवसभर हाताळणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. माझ्या मते सूत काढण्याच्या युक्तीइतकीच ही नजरही बॅटलीच्या भरभराटीला कारण झाली. नाव मात्र बेंजामिन लॉचे राहिले. निवडणाऱ्या एकीचेही मला कोठे वाचायला मिळाले नाही.

१८७५ साली मात्र त्याच टापूत एक विलक्षण गोष्ट घडली. मालकांनी मजुरीत कपात जाहीर केली, तेव्हा ड्यूजबरी-बॅटलीच्या विणकर बायकांनी संप पुकारला आणि संपाची समिती केवळ स्त्रियांची नेमली. अ‍ॅन एलिस ही तिची पुढारी. या मागावरच्या बायका, निवडणाऱ्या नव्हेत, हे खरे. पण चिंधीच्या धंद्यातल्या स्त्रियांची नावे कागदावर आली ती अशी, कपात नाकारल्यामुळे. ‘शॉडी’ हा शब्द मात्र तोवर बदनाम झाला होता. १८६१ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात ठेकेदारांनी शिपायांना असल्या भुसकट कापडाचे गणवेश पुरवले, ते अंगावरच विरले. आणि तेव्हापासून इंग्रजीत कोणत्याही कच्च्या कामाला तो शब्द चिकटला.

बॅटलीच्या गिरण्या विसाव्या शतकात मिटत गेल्या. तो धंदा इटलीतल्या प्रातो शहरी होताच, आणि पुढे आला तो आपल्या पानिपतला. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आणि भाऊसाहेब आठवतात. पण कापडाच्या जगात ते गाव चिंध्यांसाठी ठाऊक आहे. युरोप-अमेरिकेतले जुने लोकरी कपडे, पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून कापलेले, येथे गठ्ठ्यांनी येत राहिले. बायका जमिनीवर बसून गुंड्या व साखळ्या काढीत, रंग निवडीत. भूकंपात वा पुरात निराधारांना वाटण्यात येणारी करडी-चौकड्यांची स्वस्त घोंगडी पुष्कळदा याच चिंध्यांची. अलीकडे मऊ पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी त्यांची जागा बरीच घेतली आहे.

आता आपल्या पुण्याकडे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून कितीतरी दलित, भूमिहीन कुटुंबे या शहरात आली. पुरुषांना जे मिळेल ते काम. बायकांना पुष्कळदा कचराकुंडी. कागद, काच, पत्रा, पुढे प्लास्टिक, हे निवडून पोत्यात भरायचे आणि भंगारवाल्याच्या काट्यावर घालायचे. काटा त्याचा, भाव त्याचा, आणि अडीअडचणीची उचलही त्याचीच. शिवाय पहाटे पोते घेऊन दिसली की चोरीचा संशय ठरलेला.

महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठातल्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास या बायकांत गेल्या त्या साक्षरतेसाठी. बायकांचे म्हणणे निराळे होते: कचरा घरातूनच वेगळा करून आमच्या हाती द्या, म्हणजे उकिरड्यात हात घालावा लागणार नाही. तसे थोडे सुरू झाले, तोच एक खाजगी उद्योजक गाडी घेऊन दारोदार कचरा गोळा करायला पुढे आला. कचऱ्यात पैसा आहे हे कळेपर्यंत त्याला कोणी मालक नसतो. कळले की मालक पुष्कळ होतात. बायकांनी त्याला विरोध केला, आणि १९९३ च्या मे महिन्यात, हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली.

पंचायतीने पहिले मागितले ते ओळखपत्र. १९९५-९६ च्या सुमारास पुणे महापालिकेने त्याला मान्यता दिली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. वेचणारी ती चोर नव्हे, कामकरी आहे, असे प्रथमच सरकारी शिक्क्यानिशी लिहिले गेले. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात हिशेब मांडला गेला, तो असा की, या बायकांच्या बिनपगारी कष्टांमुळे पालिकेचे कचरा उचलण्या-वाहण्याचे वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख रुपये वाचतात. म्हणजे इतकी वर्षे शहराला पैसे देत होत्या त्या या बायका. पंचायतीने पुढे स्वतःचे भंगाराचे दुकान काढले, काटा आपला ठेवला, पतसंस्था चालवली.

२००८ साली या कामगारांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि पालिकेशी तिचा करार झाला. घरोघरचा कचरा त्यांनी न्यायचा, घरमालकांनी दरमहा शुल्क द्यायचे, आणि विकण्याजोगा माल वेचणारीचा. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. कारण शुल्क चुकते, सुटते, त्यावरून सोसायट्यांत कुरबुरी होतात, हे आपल्याला माहीत आहे. पण पुठ्ठा, बाटली, पत्रा यांवरचा हक्क लेखी मिळाला. करार पाच वर्षांचा होता. तो संपल्यावर नवा होईपर्यंत मध्ये बराच काळ गेला आणि ठेक्याच्या गाड्यांची भाषा पुन्हा सुरू झाली. तेव्हा त्याच बायका गळ्यात ओळखपत्रे घालून पालिकेच्या दारी गेल्या.