गुंडाळीतला कागद आणि त्याची पारख

वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या हाती आला, हे वसईकरांस सांगावयास नको. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या सुमारास काढले, त्यांत वसईच्या मोहिमेचेही कागद आहेत. पण आज आम्ही मोहीम सांगणार नाही. असा कागद खरा की बनावट, याची पारख कशी होते, तेवढेच पाहू.

मोठा मोडी कागद एका तावाचा नसे. तावास ताव चिकटवून लांब पट्टी करीत आणि ती गुंडाळून ठेवीत. वाचणारा एका हाताने उलगडतो, दुसऱ्याने गुंडाळतो. एका वेळी डोळ्यांपुढे वीतभर मजकूर. म्हणून सांध्यावर पाठीमागून शिक्का मारीत, अर्धा या तावावर, अर्धा त्या तावावर. मध्ये ताव घुसडला की शिक्का जुळत नाही. सारा मजकूर ध्यानात नसला तरी हे समजते. शेवटी मोर्तब: येथे मजकूर संपला, पुढे कोणी काही जोडू नये.

हिशेबाचा कागद याहून मौजेचा. आधी बेरीज, तिच्या पोटात तपशील, त्यातील एखाद्या रकमेच्या पोटात पुन्हा तपशील. समजा, खर्च १०० रुपये. पैकी दारूगोळा ६०, वैरण ४०. त्या ६० पैकी दारू ४५, गोळे १५. पंधरा वाचले की साठांचे घर मिटले. ते विसरावे, शंभर मात्र ध्यानात ठेवावे. कारकुनाला कागदाच्या लांबीइतकी आठवण लागत नाही, पोटात पोट किती आहे तेवढी लागते.

पण पोटात पोट हजारो झाले तर? आजच्या गणकयंत्रांपुढे हाच पेच आहे. मजकूर ओघाने येतो, साठवावयास जागा थोडी. मानिए, मातिय आणि अश्विन नायक या संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की, चुकीची अल्प शक्यता पत्करली तर कंसांत कंस असलेला मजकूर एका फेरीत तपासण्यास लांबीच्या वर्गमुळाच्या आसपास आठवण पुरते. तोच दुसऱ्यांदा शेवटाकडून उलटा वाचला, तर फारच थोडी. (आमची गुंडाळीही वाचून संपली की शेवटच हाती असतो!) घडण ‘जवळपास’ बरोबर आहे का, एवढेच विचारले, तर एका फेरीतही अगदी थोडक्यात भागते, हे २०१६ मध्ये पुढे आले.

या ‘जवळपास’चा अर्थ नीट घ्यावा. निर्दोष कागद पुढे जातो. ज्यास पुष्कळ दुरुस्ती लागेल तो बहुधा अडतो. एखाददुसऱ्या खोटेपणाविषयी काहीच हमी नाही. रुमालांचे ढीग चाळून निवड करावयास एवढे बस्स. वतनाचा निवाडा मात्र त्यावर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यात घरोघरच्या सनदा तपासणीस निघाल्या. १ बिघ्यापुढे आणखी एक १ ओढला की ११ बिघे होतात. शिक्का शाबूत, मोर्तब शाबूत, घडण बिनचूक. असली लबाडी सांध्यावर सापडत नाही. त्यासाठी घरची सनद पुण्याच्या दफ्तरातील नोंदीशी अक्षरशः ताडून पाहावी लागे.