मँगनीजला चिनी भाषेत काय म्हणतात? त्या अक्षरात मुंबईही सापडते!

नागपूरकरांना मँगनीज नवं नाही. मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी याच जिल्ह्यात आहेत आणि 'मॉईल' या सरकारी कंपनीचं मुख्यालयही शहरातच आहे. पोलाद बनवायला लागणाऱ्या या धातूसाठी चिनी भाषेत फक्त एक अक्षर आहे. उच्चार साधारण 'मंग'. होय, वऱ्हाडीतल्या 'मंग काय झालं?'मधल्यासारखाच! फक्त सूर आधी खाली न्यायचा आणि मग वर.

अक्षर कसं बनलं?

त्याचे दोन भाग आहेत. डावीकडे 'धातू' सांगणारी खूण, उजवीकडे उच्चार सांगणारा भाग. या उजव्या भागात वर 'मूल' आणि खाली 'भांडं' आहे. हा भाग एकटाही वापरतात, तेव्हा त्याचा एक अर्थ होतो 'भावंडांतला थोरला'. मँगनीजशी या अर्थाचा काही संबंध नाही, इथे तो फक्त आवाजापुरता आहे. मुंबईचं चिनी नाव 'मंगमाय'. त्यातलं पहिलं अक्षर हेच.

ही पद्धत आली कुठून?

सोनं, लोखंड, तांबं यांची अक्षरं प्राचीन आहेत. नव्याने सापडलेल्या मूलद्रव्यांचं काय करायचं? १८७० च्या सुमारास शांघायमध्ये रसायनशास्त्राची पुस्तकं भाषांतरित करताना श्यू शौ आणि इंग्रज अनुवादक जॉन फ्रायर यांनी तोडगा काढला: पाश्चात्त्य नावातला एक आवाज घ्यायचा आणि त्याला पदार्थाची खूण जोडायची. पुढे हीच पद्धत रुळली. म्हणून आज अक्षर पाहूनच बरंच कळतं. वायूंना वायूची खूण असते. पारा धातू असला तरी द्रव आहे, म्हणून त्याच्या अक्षरात 'पाणी' आहे.

आपल्याकडे काय झालं?

असाच प्रयत्न नागपुरातही झाला. १९४० च्या दशकात डॉ. रघुवीर यांनी इथे राहून संस्कृतच्या आधारे विज्ञानाचे हजारो शब्द घडवले. कार्बनला त्यांनी 'प्रांगार' म्हटलं, म्हणजे मुळाशी 'अंगार', कोळसा. गंमत म्हणजे कार्बनच्या चिनी अक्षरातही 'दगड' आणि 'कोळसा' आहे. चीनमध्ये ते अक्षर शाळेच्या पुस्तकात पोहोचलं. आपल्याकडे 'प्रांगार' मागे पडला. मराठीत 'कर्ब' आणि 'कार्बन' टिकले, मँगनीज तर आहे तसंच राहिलं.