एका अक्षरापलीकडचा सिकलसेल

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’ची, स्थापना १९४७ सालची. त्यानंतर अकराच वर्षांनी, १९५८ मध्ये, तिथल्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. निलगिरीतले आदिवासी आणि आसामातले चहामळ्यांचे मजूर यांच्यात हा दोष १९५२ सालीच आढळला होता. नागपूरच्या नोंदींनी त्याचा माग विदर्भापर्यंत आणला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत मुलांचे हातपाय सुजत, सांधे ठणकत, रक्त कमी होई आणि काही मुले अकाली जात, त्या घरांच्या दुःखाला शास्त्राचे नाव मिळाले. पण नाव मिळणे आणि आजार समजणे यांत अंतर असते. हे अंतर कापताना एक गोष्ट पुढे आली, तिचा विसर पडू नये: सिकलसेल जनुकातल्या चुकीच्या अक्षराने होतो खरा, परंतु तो किती छळेल हे पेशी आपली जनुके केव्हा आणि किती वाचते यावरही ठरते. या वाचनावर आरएनएची मोठी सत्ता चालते.

आधी अक्षराचा इतिहास पाहू. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे पहिले वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखवले आणि पुढच्या दशकात व्हर्नन इनग्राम यांनी तो एका अमिनो आम्लावर आणून ठेवला. बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या बदलामुळे प्राणवायू कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे बनतात आणि लवचीक पेशी ताठर होते. पालकांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर मूल वाहक, ‘एएस’; दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. हिशेब इतका नेटका असूनही एक कोडे उरते. ‘एसएस’ असलेले बाळ जन्मतःच आजारी का नसते? अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच याचे उत्तर सुचवले होते. नवजाताच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते आणि तेच त्याचे रक्षण करते. सहा महिन्यांच्या आसपास ते ओसरते आणि कळा सुरू होतात. अक्षर पहिल्या दिवसापासून तेच असते, बदलते ते वाचन.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भारतातल्या बहुतेक रुग्णांत सिकल जनुकासोबत ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखला जाणारा जनुकीय साचा आढळतो. त्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते. ओडिशा आणि पूर्व सौदी अरेबियातल्या रुग्णांवरच्या अभ्यासांतून ‘इकडचा आजार सौम्य’ असे मत रूढ झाले. ते पूर्ण खरे असते, तर विदर्भाने इतकी काळजी करण्याचे कारण नव्हते. नागपूरचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. इथल्या नवजात बाळांची तपासणी करून त्यांचा पुढे पाठपुरावा केल्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आजार सरसकट सौम्य नाही, मुलागणिक त्याची तीव्रता बदलते, हे त्यात दिसले. म्हणजे संरक्षक हिमोग्लोबिन आहे, पण ते सर्वांना सारखे पुरत नाही. त्याचे प्रमाण कोण ठरवते, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

गर्भावस्थेतल्या ग्लोबिनचे जनुक दाबून ठेवणारे एक प्रथिन आहे, बीसीएल११ए. त्याची ही भूमिका २००८ साली उघड झाली. मग या दाबणाऱ्याला कोण आवरते? उत्तराचा एक धागा आरएनएपाशी जातो. जनुकाची नक्कल करून संदेशवाहक आरएनए बनतो आणि त्यावरून प्रथिन तयार होते. पण संदेश लिहिला गेला म्हणून तो अमलात येतोच असे नाही. मायक्रोआरएनए नावाचे जेमतेम बावीस अक्षरांचे तुकडे नेमक्या संदेशांना चिकटून त्यांना गप्प करतात. त्यांपैकी पहिला १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडला आणि त्या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले. माणसाच्या रक्तातही त्यांची साक्ष आहे. तेराव्या गुणसूत्राच्या तीन प्रती घेऊन जन्मलेल्या बाळांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा अधिक काळ टिकते. त्या गुणसूत्रावरचे दोन मायक्रोआरएनए जास्त झाल्याने असे होते, हे २०११ मध्ये दाखवले गेले. २०२० साली आणखी एक कडी जुळली. गर्भाच्या पेशींत बीसीएल११एचा संदेश असतो, पण लिन२८बी हे प्रथिन त्या आरएनएला धरून ठेवते, म्हणून त्याचे वाचन मंदावते. जन्मानंतर ही पकड सुटते. सहा महिन्यांच्या त्या वळणामागचे एक कारण असे हाती आले.

यावर कोणी म्हणेल, हे प्रयोगशाळेतले ज्ञान, गडचिरोलीच्या पाड्यावरच्या मुलाला त्याचा काय उपयोग? उपयोग सिद्ध झालेला आहे, आणि तोही नागपुरात. मेडिकलच्या बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या साठ मुलांवर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची तुलनात्मक चाचणी केली. मात्रा होती वजनाच्या दर किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम, म्हणजे कमीच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संरक्षक हिमोग्लोबिन वाढले आणि कळा, रक्त चढवणे व दवाखान्यात भरती होणे घटले. ही गोळी आरएनएची नव्हे, हे मान्य. ती चुकीचे अक्षर सुधारत नाही, तरी वाचन बदलून आराम पडतो, हे तिने दाखवले. त्याच वाटेने पुढे जाऊन अमेरिकेत मायक्रोआरएनएच्या धर्तीवर घडवलेला आरएनए सहा रुग्णांच्या रक्तपेशींच्या मुळाशी पोचवून बीसीएल११ए दाबण्यात आले. २०२१ च्या त्या अहवालातही संरक्षक हिमोग्लोबिन वाढलेले दिसले. मार्गदर्शक आरएनएच्या साहाय्याने जनुक कापणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. तो विदर्भातल्या मजुराच्या आवाक्यात येईपर्यंत स्वस्त गोळी नियमित मिळणे, हाच न्याय.

सिकलसेलग्रस्तांच्या हक्कांसाठी नागपुरातून झटलेल्या संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या कायद्याने हा आजार अपंगत्वाच्या यादीत आला आणि २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. हे सारे मोलाचे आहे. पण ‘एएस’ की ‘एसएस’ एवढे कार्डावर लिहून थांबणारी तपासणी फक्त अक्षर सांगते. लग्न जुळवताना ते कार्ड मुलीच्या कपाळी ठपका म्हणून वापरले जाते, तेव्हा तर तपासणीचा हेतूच हरतो. निसर्गाने प्रत्येक बाळाला संरक्षणाचे सुमारे सहा महिने दिलेले आहेत. ती मुदत संपण्याआधी, प्रसूतिगृहातच, विदर्भातल्या प्रत्येक बाळाची तपासणी व्हावी, आणि ज्याला गरज पडेल त्याची गोळी त्याच्या गावच्या उपकेंद्रात खंड न पडता मिळावी.