गाठीमागे दोन आणे

परदेश, विद्यापीठ आणि उद्योग यांना एका निधीत बांधण्याची कल्पना जागतिकीकरणानंतर आली, असे आपण धरून चालतो. २००५ साली भारत-अमेरिका कृषी ज्ञान उपक्रम जाहीर झाला आणि त्याच्या मंडळावर शास्त्रज्ञांच्या शेजारी मॉन्सान्टो आणि वॉलमार्टचे प्रतिनिधी बसले, तेव्हा ती पुष्कळांना नवलाची वाटली. पण कारंजा (घाडगे), आर्वी, हिंगणघाट या कापसाच्या पट्ट्यातून पाहिले, तर या कल्पनेचे कूळ शंभर वर्षे मागे जाते आणि ते रुईच्या गाठीत सापडते.

पहिल्या महायुद्धात कापसाची चणचण जाणवली आणि १९१७ साली जे. मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय कापूस समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी उभी राहिली आणि १९२३ च्या कायद्याने तिला उत्पन्न मिळाले: निर्यात होणाऱ्या किंवा देशी गिरणीत लागणाऱ्या रुईवर उपकर. कायम झालेला दर होता ४०० पौंडांच्या गाठीमागे दोन आणे. त्याच १९२३ साली ब्रिटिश पार्लमेंटनेही तसाच कायदा केला. लँकेशायरच्या सूतगिरण्यांनी ५०० पौंडांच्या गाठीमागे सहा पेन्स द्यायचे आणि ते साम्राज्यभर कापूस संशोधन करणाऱ्या एम्पायर कॉटन ग्रोइंग कॉर्पोरेशनला मिळायचे. म्हणजे वर्ध्याकडची गाठ मँचेस्टरला पोचली तर तिच्यावर दोनदा वसुली, निघताना आण्यांत आणि उतरल्यावर पेन्सांत. यावर कोणी म्हणेल की उपकर भरत होते गिरणीवाले आणि निर्यातदार. त्यात शेतकऱ्याचा पैसा कुठे आला? कायद्याच्या भाषेत हे खरे. पण रुईचा भाव लिव्हरपूलच्या बाजारावर ठरत असे आणि मधला प्रत्येक जण आपला खर्च वजा करून मागच्याला भाव देई. सर्वांत मागे कापूसवेचणीचा हंगाम घेऊन उभ्या असलेल्याला तो खर्च पुढे ढकलायला कोणीच उरत नसे. म्हणून या भागीदारीचा पहिला निधीदार कोरडवाहू शेतकरी होता, असे मी मानतो. या कुळकथेतला माझा मुख्य मुद्दा इथूनच निघतो: पैसा कोणाचा, यापेक्षा संशोधनाचा प्रश्न कोण लिहितो, यावर अशा निधीचे फळ ठरते.

उपकराच्या पैशातून १९२४ मध्ये माटुंग्याला टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. कृषी खात्याच्या पैदासकाराने नव्या वाणाची थोडीशी रुई तिथे पाठवायची. प्रयोगशाळा धाग्याची लांबी, बारीकपणा, ताकद मोजून आणि प्रत्यक्ष सूत कातून सांगायची, की हे वाण किती नंबरच्या सुतापर्यंत चालेल. हे काम उत्तम होते. ती संस्था आज ‘सिरकॉट’ या नावाने चालू आहे. पण तो प्रश्न गिरणीच्या चातीचा होता. गिरणीला लांब धागा हवा म्हणजेच शेतकऱ्याला चांगला भाव, असा यावरचा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. तरी वर्धा खोऱ्याचा अनुभव त्याच्या आड येतो. इथले हिंगणघाटी ‘बनी’ वाण लांब आणि मऊ धाग्यासाठी नावाजलेले. १८६० च्या दशकात कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी त्याच्या प्रसारासाठी खटपट केली. पण शेतकऱ्याने हळूहळू ते सोडले आणि जाडाभरडा ‘जरी’ व ‘रोझियम’ कापूस पेरला. कारण सरळ होते: एकरी पीक जास्त, सरकी काढल्यावर रुईचा उतारा जास्त आणि जपानसारखा गिऱ्हाईक आखूड धागाही घेत होता. शेतकऱ्याचा हिशेब एकराचा होता, गिरणीचा सुताच्या नंबराचा. दोन्ही बरोबर, पण एकच नव्हेत.

त्याच उपकरातून आणि मध्य भारतातल्या संस्थानांच्या मदतीतून इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. कापूस सुधारायचा तर नुसते बियाणे पाहून भागणार नाही, माती पाहावी लागेल, असे त्यांनी ठरवले. कापसाच्या कडक पऱ्हाट्या त्यांनी रस्त्यावर पसरल्या, गाड्यांच्या चाकांखाली चेंदल्या आणि शेण-मातीबरोबर कुजवल्या. १९३१ च्या पुस्तकातून ही ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा एक पाया ठरली. उद्योगाच्या निधीने संशोधन विकले जाते, हा सरसकट आक्षेप मला म्हणूनच पटत नाही. प्रश्न शेताच्या बांधावर लिहिला गेला, तर तोच पैसा गिरणीने कधी न मागितलेले उत्तर देऊन जातो.

कापूस कमिटी १९६६ मध्ये विसर्जित झाली, पण वसुली थांबली नाही. गाठीवरून ती बियाण्याच्या थैलीवर आली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि जालन्याच्या महिकोची मॉन्सान्टोबरोबरची भागीदारी ४५० ग्रॅमच्या थैलीमागे रॉयल्टी घेऊ लागली. केंद्राने २०१६ मध्ये ती ४९ रुपयांवर आणली, २०२० मध्ये शून्य केली. जुन्या उपकरापेक्षा हा मार्ग मला वाईट वाटतो, कारण उपकराचा दर कायद्यात छापलेला होता आणि कमिटीवर, थोडे का होईना, कापूस पिकवणाऱ्यांचे प्रतिनिधी होते. थैलीमागच्या करारात त्यांना जागाच नव्हती. मग सगळे सरकारनेच करावे काय? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने सार्वजनिक पैशातून ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण २००९ मध्ये दिले. बी घरी राखता येईल, असे ते होते. पण त्यात मॉन्सान्टोचाच जनुक आढळला, वाण मागे घ्यावे लागले, सोपोरी समितीची चौकशी झाली. सरकारी पैसा म्हणजे आपोआप काटेकोरपणा नव्हे.

दरम्यान गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाचा कापूस तिने पोखरला. तेव्हापासून कारंज्याच्या शेतकऱ्याला मिळणारा सल्ला असा: वेचणीनंतर त्याच झाडांवर फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटा, त्यांचा भुगा करून खत करा. हॉवर्डनी दोन आण्यांच्या उपकरातून हेच करून दाखवले होते. या सल्ल्यावर कोणाचे पेटंट नाही, त्यामुळे त्यासाठी यंत्र, मजुरी आणि गावोगावची प्रात्यक्षिके यांचा खर्च कोण उचलणार, हे कुठल्याच करारात लिहिलेले नाही.