चावी आणि सूर



मराठीतील ‘चावी’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, हे येथे गोव्यात तरी सांगावयास नको. त्याचे मूळ लॅटिन ‘क्लाविस’. युरोपीय स्वरलेखनातील ‘क्लेफ’ हा शब्दही त्याच क्लाविसचा वंशज. आपल्या दाराची चावी आणि चर्चमधील वादकाच्या वहीतील ते वेलांटीदार चिन्ह ही एकाच घराण्यातील भावंडे होत.

पाच आडव्या रेघांना स्वतःचे नाव नसते. आरंभीचे चिन्ह त्यांपैकी एका रेघेला नाव देते आणि बाकीच्या तिच्यावरून ओळखावयाच्या. चिन्ह पुसले तर पान निरर्थक. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील आरेझ्झोचा ग्वीदो या मठवासी संगीतशिक्षकाने ‘एफ’ची रेघ तांबडी आणि ‘सी’ची पिवळी करण्याची रीत सांगितली. हेच दोन स्वर का? पेटीच्या भाषेत ते पांढरी चार आणि पांढरी एक. दोहोंच्या लगत खाली काळी पट्टी नाही. तेथे अंतर अर्ध्या स्वराचे. गाणाऱ्याचा गळा फसतो तो बहुधा अशाच जागी. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. पुढे रंग गेले, अक्षरे राहिली. ‘जी’ही त्यांत आला आणि लेखनिकांच्या हातून त्या अक्षरांना आजची वळणे मिळाली.

‘आमच्याकडे स्वरलेखन नव्हतेच’, असे विधान अनेकदा ऐकू येते. ते खरे नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त मंद्र स्वराच्या माथ्यावर बिंदू आणि तार स्वराच्या माथ्यावर उभी रेघ सांगितली आहे. भातखंड्यांच्या पद्धतीत मंद्राचा बिंदू खाली गेला आणि वरचा बिंदू तारसप्तकाचा झाला. म्हणजे येथेही पद्धत ठाऊक नसेल, तर वाचणारा सप्तक चुकणारच!

मात्र चावीची गरज आपल्याला पडली नाही. आपला षड्ज गायकाचा असतो. कोणी तो काळी एकला लावील, कोणी काळी चारला. चावी नेमके हेच स्वातंत्र्य देत नाही. अनेकांनी एकाच वेळी वेगवेगळे सूर वाजवावयाचे तर ते देऊन चालणारही नाही.

गोव्यातील पॅरिश शाळांत मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवीत. त्याच गावच्या देवळात गायन-वादन चाले ते मुखोद्गत. शतकानुशतकांच्या या शेजारात एकाची वही दुसऱ्यास बहुधा वाचता येत नसे, याची खंत मला वाटते.

ती गाठ पडली मुंबईच्या चित्रपटसंगीतात. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्याकडील सेबॅस्टियन डिसोझा असे गोमंतकीय वाद्यवृंदरचनाकार तेथे होते. संगीतकाराने चाल सरगमीत सांगावी आणि यांनी ती कागदावर मांडावी. व्हायोलिनला ‘जी’ची चावी, व्हिओलाला मधल्या रेघेवर ‘सी’ची, चेलोला बहुतांशी ‘एफ’ची. षड्ज कोठला, हे तोवर ठरलेले असे.